सुरूखालचा रविवार

सुरूच्या झाडातून वारा जातो तेव्हा जो आवाज होतो, त्याला सळसळ म्हणवत नाही. पिंपळ सळसळतो, नारळाच्या झावळ्या एकमेकींवर आपटतात, केळीची पानं फाटत फाटत फडफडतात. सुरूचं तसं नाही. त्याला पानं म्हणावीत अशी पानंच नाहीत. आपण ज्यांना सुया म्हणतो त्या खरं तर पेराला पेर जोडलेल्या हिरव्या बारीक काड्या, आणि पानं म्हणजे त्या पेरापेरांवर बसलेले, बोटाला जाणवणारही नाहीत असे इवले इवले दात. अशा असंख्य काड्यांमधून समुद्रावरचा वारा गाळला जातो आणि एक लांबच लांब हुंकार उठतो. तो कुठून उठला ते कळत नाही. न तुटता वर चढत जातो, वरच्या वर जरा रेंगाळतो आणि तसाच न तुटता उतरतो. डोळे मिटून ऐकावा तर वाटतं, लाटा अगदी उशाशी आल्या. डोळे उघडावेत तर समुद्र आहे तिथेच असतो.

लहानपणी मे महिन्यात आजोळी, दिवेआगरला, हा आवाज रात्री यायचा. घर किनाऱ्यापासून चांगलं आत. मागीलदारी नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला केवडा, केवड्यापलीकडे सुरूचं बन आणि मग मोकळी पुळण. दिवसा माणसांच्या, गुरांच्या, पाटाच्या पाण्याच्या गलबल्यात तो बुडून जायचा. रात्री ओटीवर अंथरुणं पडली, कंदिलाची वात खाली गेली, की अख्खी वाडी ओलांडून तो घरात यायचा. मी म्हणायची, समुद्र जागा आहे अजून. आजी म्हणायची, समुद्र नव्हे गं, सुरू. मग आम्ही दोघी पुन्हा कान द्यायचो. कधी तिचं खरं वाटायचं, कधी माझं. त्या न ठरण्यातच केव्हातरी डोळा लागायचा.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढून आलं आणि एका दुपारीत वाड्याच्या वाड्या निजल्या. आजोबांच्या हातची पोफळ गेली, घराची कौलं गेली, सुरूच्या बनात आडव्या झाडांचा खच पडला. टाळेबंदीचे दिवस, जाता येत नव्हतं, फोनही लागत नव्हते. लागला तेव्हा मावशीनं सगळं नुकसान एका दमात सांगितलं, आणि शेवटी, जणू तिला स्वतःलाच ते तेव्हा कळत होतं अशा आवाजात म्हणाली, “आता रात्री समुद्र थेट ऐकू येतो.” आई त्यावर काही बोलली नाही. फोन ठेवून बराच वेळ मिरच्यांची देठं काढत बसली.

म्हणून तर त्या रविवारी मॉरिशसमध्ये, फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर, टॅक्सीतून उतरल्या उतरल्या आई जागच्या जागी थांबली तेव्हा मला कारण विचारावं लागलं नाही. मुलं पाण्याकडे धावली होती. नवरा पिशव्या काढत होता. आई मात्र पाण्याकडे बघतच नव्हती. मान वर करून, डोळ्यांवर हात धरून, ती झाडांचे शेंडे बघत होती.

“ऐकलंस?” ती म्हणाली.

ऐकलं होतं.

तिथे त्या झाडाला फिलाओ म्हणतात. फ्रेंचांच्या काळात बाहेरून आणून लावलेलं हे झाड आता बेटावरच्या कितीतरी सार्वजनिक किनाऱ्यांवर उभं आहे. त्याच त्या करड्या, उभ्या भेगांच्या साली, तीच पायाला टोचणारी लहान लहान बोंडं, तोच जमिनीवर पडलेला तांबूस पाल्याचा जाड थर. सावलीसुद्धा तीच, आंब्याची असते तशी गच्च काळी नव्हे, तर विरळ, हलती, ऊन आणि सावली एकमेकांत विणून टाकलेली. सहलीचा बेत आखताना निळं पाणी, पांढरी वाळू, उसाचे मळे, सगळं चित्रांत बघून झालं होतं. चित्रांना आवाज नसतो. तो असा अंगावर येईल हे कुणाच्याच मनात नव्हतं.

आईनं चटई पसरली ती अगदी बुंध्याशी.

माझी आई समुद्राकाठी जन्मली, पण समुद्रावर अशी कधी गेली नव्हती. किनाऱ्यावरच्या माणसांना ‘समुद्रावर जाणं’ ही काही हौसेची गोष्ट नसते. नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन जायचं, गणपती पोचवायला जायचं, घरातलं माणूस गेलं तर अस्थी घेऊन जायचं. बाकी समुद्र वाडीच्या मागे आहे, त्याचा वारा झाडांना लागतो, त्याचं खारं पाणी विहिरीत उतरू नये, एवढाच त्याच्याशी रोजचा संबंध. पुळणीवर फिरायला येत ते मुंबई-पुण्याचे पाहुणे. आईसारख्या मुली बनापर्यंत जात त्या पाला आणायला. सुरूचा वाळला पाला दाताळ्यानं ओढायचा, ढीग करायचा, हाऱ्यात दाबून दाबून भरायचा, आणि डोक्यावर चुंबळ ठेवून घरी. न्हाणीतल्या चुलीला तो लागे. भुर्रकन पेटतो, तडतडतो आणि तितक्याच लवकर विझतो, म्हणून खूप लागतो. चार बहिणी, एक दाताळं. समुद्र समोरच असे, पण हारा भरेपर्यंत ऊन कलायला लागलेलं असे, आणि घरी संध्याकाळची कामं.

हे सगळं आईनं मला कधी दुःख म्हणून सांगितलं नाही. त्या दिवशी सांगितलं तेही तक्रार म्हणून नव्हे. झाडाला टेकून, पाय लांब पसरून, समोर बघत ती सांगत होती. आणि सांगता सांगता तिचा उजवा हात आपोआप भोवतालचा पाला गोळा करत होता. मूठभर ओढायचा, बोंडं वेचून बाजूला टाकायची, पाला मांडीपाशी आणायचा. पुन्हा मूठभर. बघता बघता तिच्या कडेला एक नीटस ढीग उभा राहिला. तिचं त्याकडे लक्षच नव्हतं.

समुद्र पुढ्यात होता, पण आमच्या ओळखीचा नव्हता. मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलेलं बेट, आणि त्याला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाच्या रांगेचा वेढा. खऱ्या लाटा त्या तिथे, दूर बाहेर फुटतात. किनाऱ्यावरून दिसते ती फक्त एक सतत हलणारी पांढरी रेघ, आणि तिचा खोल, अखंड घुमारा कानावर येत राहतो. रेघेच्या आत पाणी निवांत. उथळ, आरपार दिसणारं, वाळूवर हिरवं, प्रवाळावर जांभळट, आणि पुढे निळं निळं होत गेलेलं. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम हातभर. आमच्याकडे ओहोटीला समुद्र लांब निघून जातो आणि मागे ओल्या वाळूचं मैदान उरतं. हा दिवसभर जागचा हललाच नाही. आईला त्याचं फार नवल. दर थोड्या वेळानं ती विचारी, “अजून इथेच?” वाळू प्रवाळाची, म्हणून पांढरी; भर दुपारीही पाय भाजत नव्हते. पाण्यात सागरी साळूंचे काटे लागतात म्हणून सगळे रबरी बूट घालून उतरत होते, आमच्या मुलांनाही कुणीतरी खुणेनं तसं बजावलं.

आणि माणसं! रविवारी अख्खं बेट किनाऱ्यावर येतं असं टॅक्सीवाल्यानं सांगितलं होतं, ते खरंच होतं. भाड्याच्या बसमधून कुटुंबंच्या कुटुंबं उतरत होती; आजी, आजोबा, लेकी, जावई, तान्ही बाळं, आणि त्यांच्याबरोबर बिर्याणीची भलीमोठी डेग, बर्फाची पेटी, घडीच्या खुर्च्या, ढोल. जागा ठरलेल्या असाव्यात, कारण कुणी शोधत नव्हतं. येऊन थेट आपापल्या झाडाखाली बसत होते. कुठे दालपुरीच्या चवडीवर वाटाण्याची रस्सेदार भाजी पडत होती, कुठे अननसाच्या फोडींना तिखट-मीठ लागत होतं. सांडलेलं टिपायला साळुंक्या आल्या, आपल्याच, पिवळ्या चोचीच्या, तशाच भांडकुदळ. अठराव्या शतकात उसावरचे टोळ खायला म्हणून त्यांना भारतातून तिकडे नेलं होतं. टोळांचं काय झालं कोण जाणे, साळुंक्या मात्र घरच्या झाल्या. माझ्या लेकीनं तिच्या हातातली पुरी त्यांना अर्धी वाटून टाकली.

सुट्टी घालवायला आलेली ही माणसं बघताना मला आदल्या दिवशीचं पोर्ट लुई आठवत होतं. तिथे बंदरावर आप्रवासी घाट आहे. २००६ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आत एक दगडी जिना, सोळा पायऱ्यांचा. १८३४ पासून पुढे सुमारे पाऊण शतक, ऊसमळ्यांच्या करारावर आणलेले जवळजवळ पाच लाख लोक भारतातून या बेटावर उतरले. बिहारकडचे सर्वांत जास्त, तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून चढवलेले आमच्या कोकणातलेही. रत्नागिरीच्या बाजूचे, भुईला महाग झालेले. आईनं त्या पायऱ्यांपाशी चपला काढल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. आज मी किनाऱ्यावर बघत होते ती त्यांची नातवंडं-पतवंडं. उसाच्या रानात ज्यांच्या पणज्यांना बसायलाही वेळ मिळाला नसेल, त्या बायका इथे सावलीत आडव्या पडून, पदर तोंडावर घेऊन, दुपारची झोप काढत होत्या. मला ते फार बरं वाटलं. इतकं, की डोळे भरून आले.

शेजारच्या झाडाखालच्या कुटुंबात एक आजी होत्या. फुलाफुलांचा झगा, केसांचा घट्ट अंबाडा, कपाळावर कुंकू. आमचं बोलणं त्या केव्हापासून कान देऊन ऐकत असाव्यात. मग खुर्ची ओढत जवळ आल्या आणि म्हणाल्या, “आमीपण मराठी.” घरात क्रिओल बोलतात, नातवंडं शाळेत थोडी मराठी शिकतात, त्यांची स्वतःची मराठी आरत्यांमधून आणि आजीकडून आलेली; जपून, एकेक शब्द पुसून काढल्यासारखी त्या बोलत होत्या. आईनं विचारलं, मूळ गाव कुठलं? त्यांनी हात समुद्राच्या दिशेनं केला आणि “रत्नागिरी” म्हणाल्या. त्याच्या पुढचं गावाचं नाव आता घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, “मग शेजारच की.” रत्नागिरी आणि दिवेआगर म्हणजे काही शेजार नव्हे. पण तितक्या लांबून दोन्ही गावं एकमेकांना लागूनच असली पाहिजेत. त्यांनी आईच्या हातावर गरम दालपुरी ठेवली, आईनं डब्यातल्या नारळाच्या वड्या. वडी तोंडात विरघळेपर्यंत दोघी काही बोलल्या नाहीत.

ऊन कलायला लागलं तसा पलीकडे ढोलांचा खटाटोप चालू झाला. रावान म्हणजे मोठ्या चाळणीएवढं, बकऱ्याच्या कातड्यानं मढवलेलं, हातात धरून वाजवायचं चर्मवाद्य. खाऱ्या दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो, मग जाळ करून ते तापवावं लागतं. पोरं काटक्या शोधत हिंडत होती. त्यातल्या एकाची नजर आईच्या ढिगावर पडली. कोरडा, निवडलेला, बोंडं काढलेला पाला. त्यानं संकोचून आजींना काही विचारलं, आजींनी आईला सांगितलं. आईनं आधी त्या ढिगाकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. तेव्हा तिला कळलं की दिवसभर आपण काय करत होतो.

ती उठली. ओंजळी भरभरून पाला तिनंच नेला. पोरं फुंकर मारायला वाकली तर तिनं त्यांना बाजूला केलं, पाला खालून मोकळा केला, वाऱ्याकडे पाठ करून बसली आणि काडी ओढली. भुर्रकन जाळ वर आला. तडतड, तडतड. धुराचा एक झोत आमच्या अंगावरून गेला, जरासा उग्र, जरासा गोडसर, आणि त्या क्षणी मी आजोळच्या न्हाणीच्या दारात उभी होते. तांब्याचं तपेलं, भिंतीवरची काजळी, पाठीवर पडलेलं कढत पाणी, आजीचा खरखरीत हात. किती वर्षांनी! वास बिचारे कुठेही जात नाहीत, आपणच लांब येतो. मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा जाळानं लाल झाला होता. “धूर डोळ्यांत गेला,” ती म्हणाली. मी मान हलवली. माझ्याही गेला होता.

पोरांनी रावान जाळावरून गोल फिरवले, बोटांनी टिचक्या मारून बघितले, पुन्हा फिरवले. हळूहळू बसका आवाज वर आला, मोकळा झाला. “मेर्सी, ग्रानमेर,” एक जण आईला म्हणाला, आणि सेगा उसळला. आफ्रिका-मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी या बेटावर जन्माला घातलेलं हे गाणं-नाचणं. मळेवाल्यांच्या नजरेआड, रात्री, जाळाभोवती. २०१४ साली त्यालाही युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. दक्षिणेला, किनारा वळतो तिथे, ल मॉर्नचा डोंगर समुद्रात उभा होता. पळालेले गुलाम त्याच्या कड्यांवर लपून राहत असत. गुलामी १८३५ साली संपली. डोंगर त्या दुपारी निळसर, धूसर, अगदी निर्धास्त दिसत होता. ज्यांच्या वाडवडलांना इथे बांधून आणलं ते, आणि ज्यांचे वाडवडील करारावर अंगठा उठवून आले ते, आता एका जाळावर तापवलेल्या कातड्यावर ठेका धरत होते. पाय जमिनीवरून न उचलता, वाळूवर घासत, कमरेतून डोलत. माझी लेक केव्हाच त्यांच्यात शिरली होती. पोरगा लाजत लाजत टाळ्या वाजवत होता. आणि वर, या सगळ्यावर, तो सुरूचा हुंकार चालूच होता; ढोल थांबले की पुढे यायचा, ढोल चढले की मागे सरायचा.

मग आई पाण्याकडे निघाली.

मला वाटलं हातपाय धुवायला. काठाशी वाकून तिनं ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, डोक्यावर शिंपडलं. कोकणातली माणसं तसं करतात. पाय लावण्याआधी क्षमा मागतात. पण मग ती थांबली नाही. चपला वाळूत ठेवल्या, पदर कमरेला खोचला आणि चालत राहिली. घोटे, पोटऱ्या, गुडघे. नवरा घाईनं उठला, मी त्याला हातानं बसवलं. निऱ्या पाण्यावर पसरल्या, फुगल्या. मांडीएवढ्या पाण्यात ती उभी राहिली, मागे वळून एकदा आमच्याकडे बघितलं, आणि सावकाश, गुडघ्यांवर हात टेकत, खाली बसली. पाणी छातीपर्यंत आलं. पंचाहत्तरीची माझी आई, समुद्राच्या काठी जन्मलेली, पहिल्यांदा समुद्रात बसली होती. तिला उठायची कसलीही घाई नव्हती. घरी कुणी वाट बघत नव्हतं, हारा भरायचा नव्हता, दिवेलागण तिच्यावाचून अडणार नव्हती. सूर्य तिच्या समोर उतरत होता आणि पाण्याचा रंग दर घडीला बदलत होता. मी तिच्या मागे जाऊन बसले. तिच्या खांद्याला खांदा लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “कोमट आहे गं.”

रात्री मुक्कामी परतल्यावर, ओली साडी पिळून वाळत घालण्याआधीच, तिनं मावशीला फोन लावला. आपल्याकडचं घड्याळ तिथल्यापेक्षा दीड तास पुढे. मावशी अंथरुणावर पडली होती.

“अगो, आज दिवसभर सुरूखाली बसले होते,” आई म्हणाली.

“तिथे सुरू?”

“रांगच्या रांग. आपल्या बनात होते तसेच. आवाजसुद्धा तोच.”

“आणि पाला?”

“गोळा केला की! पोरांनी ढोल तापवले त्याच्यावर.” मग जरा थांबून, आवाज खाली आणून, “आणि समुद्रात बसले.”

तिकडून काहीच येईना. मला वाटलं फोन तुटला.

“अख्खी?” मावशीनं विचारलं.

“अख्खी. साडीसकट.”

मग त्या दोघी हसायला लागल्या. दाताळ्यावरून भांडणाऱ्या दोन पोरींचं ते हसू, फोनच्या दोन्ही टोकांना, थांबता थांबेना. मुलं बाहेरच्या खोलीतून बघायला आली. मावशी धाप लागल्या आवाजात म्हणाली, “माघी गणपतीला ये इकडे. मीही बसते.”

“माघात पाणी गार असतं गो.”

“असू दे,” मावशी म्हणाली. “जुनी साडी आण तुझी एक. माझ्या सगळ्या चांगल्या आहेत.”